एक बाई जास्त

पोपट बडेकर चौथीत माझ्या वर्गात होता, तेव्हाही तो उत्तर आधी लिहायचा आणि मग त्याला जुळेल असं गणित वर मांडायचा. माझ्या नोकरीची ती पहिली वर्षं. आज पोपट साठ वर्षांचा आहे, खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला आहे. मी बहात्तरचा. आमचं गाव कर्जतजवळच्या कशेळ्यापासून चार किलोमीटर आत आहे, आणि आमच्याकडे गुरुजी कितीही म्हातारा झाला तरी गुरुजीच राहतो. विद्यार्थ्याचंही तसंच.

निवृत्तीनंतर पोपटला वंशावळीचा नाद लागला. शेजारच्या गावातल्या एका घराण्यानं गेल्या नवरात्रात देवळासमोर आपल्या नऊ पिढ्यांचा फ्लेक्स लावला होता. पोपटला अकरा पिढ्यांचा लावायचा होता.

"गुरुजी, मी एकदम वरनं धरलंय," तो एका शनिवारी माझ्या पडवीत येऊन म्हणाला. "मूळ पुरुष सापडला का बाकीचे आपोआप खाली येतात. पाणी वरनंच खाली येतं ना?"

"पाणी येतं," मी म्हणालो. "मग सापडला का?"

"सापडला! रायाजीराव. कोंडाण्याच्या लेण्यांची किल्ली आपल्या घराण्याकडं व्हती."

शनिवारी दुपारी माझ्या पडवीत सात-आठ मुलं असतात. त्यांत पोपटची नात आरोही होती. सहावीतली मुलगी, ऐकून घेते आणि मगच बोलते. ती म्हणाली, "आजोबा, आमची सहल गेली व्हती तिथं. लेण्यांना दारंच नायत."

"किल्ली व्हती म्हटल्यावर दार असणारच," पोपट म्हणाला. "कुणीतरी काढून नेलं असंल."

त्यानं दोनशे पानी वही केली होती. एका पिढीला एक पान. पहिल्या पानावर रायाजीराव, दहाव्या पानावर पोपटचे वडील मालोजी, ज्यांना घरात आबा म्हणत, अकराव्यावर स्वतः पोपट. त्याच्या मुलाला, ऋतिकला, पान नव्हतं, आणि आरोहीला तर नव्हतंच. "माझ्या खाली अजून लिवण्यासारखं काय झालंय?" असं तो म्हणे. पानं तो क्रमानंच भरत होता. रविवार आला की ऋतिकची गाडी काढायची आणि कुठल्या तरी पूर्वजाच्या मागे जायचं. कधी जुन्नर, कधी अलिबाग, एकदा तर नाशिकपर्यंत.

पोपटची आई अंबाबाई ब्याऐंशी वर्षांची. ओट्यावर बसून वाल सोलत असायची. गाडीचं दार वाजलं की ती सोललेला वाल हातात तसाच धरून म्हणायची, "पोपट, मला एकदा गजाकडं ने रं."

गजा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. खालापूरच्या पलीकडे त्याचं गाव, आमच्यापासून तास-सव्वा तासाच्या वाटेवर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तो खाटेवर होता. अंबाबाईनं त्याला तेव्हापासून पाहिलं नव्हतं.

"नेतो, नेतो," पोपट म्हणायचा. "आई, जिवंत माणसं कुठं पळून जातात का? मेलेल्यांचे कागद वाळवी खाते. आधी ते गाठायला पायजेत."

मी हे दोन-तीनदा ऐकलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, खाटेवर पडलेल्या माणसाबद्दल इतक्या खात्रीनं बोलणारा पोपट एकटाच.

त्याच सुमारास शाळेनं मुलांना घराण्याचं झाड काढायला सांगितलं. मुलं माझ्याकडे आली. मी त्यांना म्हटलं, कागदाच्या अगदी खाली स्वतःचं नाव लिहा. त्याच्या वर आई आणि बाबा. मग घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधा, त्याच्याशेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा: तुमचं नाव काय, आधी नाव काय होतं, आणि त्या नावानं तुम्हाला कोण हाक मारायचं?

दुसरा प्रश्न मुद्दाम होता. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खातात, नाव मात्र जन्माला चिकटतं. मुलांना वाटतं आजी सासरच्याच नावानं जन्माला आली.

आरोहीचं घर माझ्यापासून तिसरं. पाव तासात ती कागद घेऊन परत आली. तिच्या पणजीच्या चौकोनात लिहिलं होतं: अंबाबाई. आधीचं नाव सोनू.

"आणि सोनू म्हणून कोण हाक मारायचं?" मी विचारलं.

"पणजी म्हनाली, मारनारी सगळी गेली. गजाआजोबा तिच्याहून लहान, ते आक्का म्हनतात." मग जरा थांबून ती म्हणाली, "गुरुजी, मी एकदा सोनू म्हणून हाक मारली. पणजीनं वालाची परात पाडली."

आरोहीचं झाड त्या दिवशी चार पिढ्यांपर्यंत गेलं आणि थांबलं. त्यातलं एकही नाव खोडलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पोपट डोक्यावर तांब्याचा हंडा घेऊन पडवीत आला. माळ्यावर सापडला होता. चिंचेनं घासून त्यानं तो लखलखीत केला होता.

"वाचा गुरुजी!"

मी चष्मा लावला. हंड्याच्या गळ्याशी ठोके मारून नाव घातलं होतं: सौ. सोनुबाई मालोजी बडेकर. खाली साल, १९५८.

"आबांची पहिली बायको!" पोपट म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "साठ वर्षं झाली, कुणी मला सांगितलं नाय. मी दुसरीचा मुलगा हाय, गुरुजी."

आरोही म्हणाली, "आजोबा, ती पणजी हाय." आणि तिनं आपला कागद पुढे केला.

पोपटनं कागद नीट पाहिला. नातीचं त्याला कौतुक होतंच. "हे बघ बाळा, तू खालनं आलीस, मी वरनं येतोय. घाटातले बोगदे असेच दोन्हीकडनं खणले. आपण मधे भेटू."

"पन मधे एक बाई जास्त हाय," आरोही म्हणाली.

"तुझ्याकडं कमी हाय."

मी म्हटलं, "पोपट, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?"

"ते दहाव्या पानावर येईल. मी अजून सातव्यावर हाय."

"मग सोनुबाई मालोजी कशी आली? तीही दहाव्यावरचीच."

"ती सापडली म्हणून आली. तिचा पुरावा हाय, गुरुजी." त्यानं हंड्यावर टिचकी मारली. हंडा छान वाजला. "आईचा कुठला हंडा हाय?"

तेवढ्यात हंडा गेला कुठं हे बघायला अंबाबाई काठी टेकत आमच्या पडवीत आली. तो पाहून ती खाली बसली आणि गळ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही, पण बोट बरोबर नावावरूनच फिरलं.

"ती मीच रं," अंबाबाई म्हणाली. "मामानं हंडा आठ दिस आधी कोरून आणला व्हता. अंबा नाव तर मांडवात पडलं."

आता संपलं, असं मला वाटलं. पण पोपटनं हात जोडले होते.

"ऐकलंत गुरुजी? ती मीच, म्हणते! सवतीवर एवढी माया बघितली का कुणी?"

आमच्याकडची जुनी रीत अशी, की दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायची. आपण तिच्याच जागी आलो, तीच झालो, असं मानायची. त्यामुळे 'ती मीच' हे वाक्य अंबाबाईनं जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा गावानं तिला नमस्कार केला. तीन-चार दिवसांनी तिनं म्हणणं सोडलं. चौकातल्या दुकानदारानं तर तिच्याकडून पैसे घ्यायचे नाकारले.

मी पोपटला पुन्हा समजावू शकलो असतो. पण अडतीस वर्षं मुलांना शिकवताना मी एक शिकलो होतो. मूल चुकीच्या वाटेनं निघालं की दर पावलाला त्याला ओढू नये, चूक पुढे जाऊन स्वतःच त्याला अडवते. हा नियम साठ वर्षांच्या माणसाला लावू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कारण चूक पोपटला अडवेना. ती त्याच्यासाठी वाट साफ करत गेली. विहिरीची मोटर दोनदा जळली होती. ऋतिकची बढती अडली होती. मिक्सर बिघडला होता. आता सगळ्याचा उलगडा झाला. पहिल्या बायकोला घरानं साठ वर्षं घास टाकला नव्हता, ती अतृप्त होती. फ्लेक्सवाल्याचं दुकान खोपोलीच्या शिळफाट्याला. त्यानं सोनुबाईचा फोटो मागितला. फोटो कुठून असणार? जागा रिकामी दिसू नये म्हणून पोपटनं आईचा तरुणपणचा फोटो दिला. फ्लेक्सवाल्यानं साडीचा रंग बदलला, फोटोला हार घातला, नावाआधी कै. लावलं आणि नमुना मोबाइलवर पाठवला. पोपटनं तो आईला दाखवला.

"ओळखू येतं का गं आई, तुझाच फोटो हाय म्हणून?"

अंबाबाईनं मोबाइल लांब धरून पाहिला. "नाय बा. ही मेलेली दिसते."

"तेच तर पायजे!" पोपट खूष झाला.

त्याच आठवड्यात खालापूरकडून गजाच्या मुलीचा फोन आला. वडील जेवत नाहीत, आक्काचं नाव काढतात, एकदा आत्याला आणाल का. अंबाबाईनं लुगडं बदललं, पिशवी भरली आणि ओट्यावर येऊन बसली. वाल सोलायला घेतले नाहीत.

"आई, आता कसं जमंल?" पोपट म्हणाला. "सोमवारी अविधवा नवमी. सोनुबाई सवाशीण गेली, तिची तिथी तीच. घासाची तयारी करायचीय. मग फ्लेक्स, मग नवरात्र. नवरात्र झालं का नक्की."

"तवर गजा थांबंल का?"

"थांबंल गं. मामा कणखर हाय."

पिशवी चार दिवस ओट्यावरच होती. अंबाबाई ती आत नेऊ देत नव्हती.

पितृपक्षातली नवमी उजाडली. पोपटनं भावकी बोलावली होती, मलाही बोलावलं होतं. स्वयंपाकघरात आरोहीची आई प्राची एकटी राबत होती. तिनं सासऱ्यांना विचारलं, सोनुआजींना काय आवडायचं? पोपटला कसं माहीत असणार? त्यानं आईला विचारलं.

"तिला वालाचं बिरडं आवडायचं," अंबाबाई म्हणाली. "अळूचं फदफदं बी. वडे नको करू, तेलकट तिला सोसायचं नाय."

"बघा," पोपट भावकीला म्हणाला, "कधी बघितली नाय, पन आवडनिवड सांगते."

प्राचीनं बिरडं केलं. अंबाबाईला रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, त्यामुळे त्या घरात सगळ्याच स्वयंपाकात मीठ नावाला असायचं. केळीच्या पानावर भात, बिरडं, अळू, खीर वाढली. पान गच्चीच्या कठड्यापाशी ठेवलं आणि आम्ही पंधरा-वीस माणसं मागे सरून उभी राहिलो. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नव्हतं.

कावळा येईना.

येणार कसा? नवमी सगळ्या गावाची होती. सकाळपासून घरोघरच्या गच्च्यांवर पानं मांडली होती, आणि आमच्या गावातले कावळे आंब्यावर पोटं फुगवून बसले होते. एकाला तर मी जांभई देताना पाहिलं.

"इच्छा राहिलीय तिची," भावकीतला एक म्हातारा म्हणाला. "बोल, पोपट. वचन दे."

पोपट पुढे झाला. "मोठ्या आई, फ्लेक्सवर तुझा फोटो आईच्या वर घालीन."

कावळे हलले नाहीत.

"दीड फूट मोठा घालीन."

काही नाही.

"दरसाल घास टाकीन. विहिरीच्या मोटरला तुझं नाव देईन!"

साडेबारा वाजले, एक वाजला. ऊन चढलं. लहान मुलं रडू लागली. ऋतिकनं सोनुबाईच्या नावानं एक झाड लावायचं कबूल केलं, मग पाच झाडं. दीड वाजता भावकीतल्या म्हाताऱ्यानं स्वतःच 'काव काव' करून पाहिलं, तेव्हा आंब्यावरचा एक कावळा उडून पलीकडच्या चिंचेवर गेला.

आरोही माझा हात ओढून म्हणाली, "गुरुजी, पणजीनं सकाळपास्नं कायच खाल्लं नाय. गोळी घ्यायचीय तिला."

मी वळलो, तर अंबाबाई आपल्या खुर्चीतून उठली होती. काठी टेकत ती कठड्यापाशी गेली, पानासमोर खाली बसली, मांडी घातली आणि भातात बिरडं कालवून जेवू लागली.

"आई!" पोपट ओरडला. "अगं काय करतेस? तो सोनुबाईचा घास हाय!"

"मंग?" अंबाबाई तोंडातला घास गिळून म्हणाली. "सोनूच खाते हाय."

मग मागून कुणी तरी बाई दबक्या आवाजात म्हणाली, "अंगात आली गं."

झालं. पंधरा-वीस माणसं एकदम खाली बसली. पोपट तर गुडघ्यांवर सरकत आईसमोर गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला आईकडे लक्ष देऊन बघताना पाहिलं. पण बघत होता तो दुसऱ्याच बाईकडे.

"मोठ्या आई," तो हात जोडून म्हणाला, "आमचं चुकलं."

"चुकलंच."

"काय पायजे तुला? मागशील ते देतो."

अंबाबाईनं विचार केला. "आधी मीठ आण. बिरड्याला चव नाय."

"पन आईला मीठ बंद हाय, डॉक्टरनी..."

"मी मेलेली हाय ना?"

प्राची खाली धावली आणि मिठाची बरणीच घेऊन आली. अंबाबाईनं चिमूटभर मीठ घेतलं, नीट कालवलं, चार घास खाल्ले. आरोहीनं पुढे होऊन तिला गोळी आणि पाणी दिलं. मेलेल्या बाईनं रक्तदाबाची गोळी घेतली. त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

"आता?" पोपटनं विचारलं.

"आता गाडी काढ. मला गजाला भेटायचंय."

"गजामामाला?" पोपट गोंधळला. "तुझा काय संबंध?"

"भाऊ हाय माझा."

पोपटच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी! सख्ख्या बहिणी! मोठी गेली म्हणून आबांनी धाकटी केली! म्हणून तिची आवडनिवड ठाऊक आईला!" त्यानं खिशातून वही काढली आणि गुडघ्यावर ठेवून भराभर लिहिलं. मग एकदम भानावर आला. "नेतो, मोठ्या आई. नवरात्र झालं का..."

"आत्ता."

"आत्ता नेतो."

ज्या माणसाला दोन वर्षं रविवार सापडला नव्हता, त्याला सोमवारी दुपारी दीड मिनिटात गाडीची किल्ली सापडली. अंबाबाईनं ओट्यावरची पिशवी उचलली आणि चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर बसली. मागे मी आणि आरोही. भावकी दारात हात जोडून उभी होती. आम्ही निघाल्यावर जेवली असावी.

पोपट गाडी फार जपून चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला "मोठ्या आई, संभाळून" म्हणत होता. एरवी अंबाबाईला गाडीत बसवायला तो कबूल नसायचा, तिला मळमळतं म्हणून. कर्जत मागे पडल्यावर त्याला धीर आला.

"मोठ्या आई, तुमी वर असता. रायाजीराव भेटतात का?"

अंबाबाईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहू लागलो.

"भेटतात."

"काय म्हणतात?" पोपटनं गाडीचा वेग आणखी कमी केला.

"म्हणतात, तो पोपट कोण रं आमच्यात घुसलाय?"

पोपटनं वेग पुन्हा वाढवला. शिळफाट्याला तो चाचरत म्हणाला, "फ्लेक्सचं दुकान इथंच हाय. दोन मिनिटं थांबू का? फोटोचा रंग जरा..."

"थांबायचं नाय."

थांबला नाही.

गजाच्या घरी पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. ओटीवर, खिडकीशी, खाटेवर तो पडला होता. एका हातात जोर नव्हता, तोंड जरा वाकडं झालं होतं. मुलगी पेजेची वाटी घेऊन बाजूला बसली होती. ती बहुतेक सकाळपासून तशीच बसली असावी, पेजेवर साय धरली होती.

अंबाबाई आत आली. काठी भिंतीला लावली. खाटेच्या कडेला बसली आणि भावाच्या कपाळावर हात ठेवला.

"आक्का," गजा म्हणाला. "आलीस?"

"आले."

अंबाबाईनं मुलीच्या हातातली वाटी घेतली, बोटानं साय बाजूला केली आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. मुलगी पदर तोंडाला लावून आत गेली.

एखादा अशा वेळी गप्प बसला असता. पण पोपटला मामाला सावध करणं आपलं कर्तव्य वाटलं.

"मामा," तो खाटेपाशी वाकून म्हणाला, "घाबरू नको. ही आई नाय. आईच्या अंगात मोठी आई आलीय. तुझी थोरली बहीण, सोनुबाई."

गजानं पेज गिळली. शब्द त्याला सावकाश जुळवावे लागत होते.

"सोनू?"

"हां, सोनुबाई."

"ही सोनूच हाय," गजा म्हणाला. "सोनूच्या अंगात सोनू आली? मंग इतके दिवस कोण व्हतं तिच्यात?"

पोपटनं वही काढली.

"आमची आय तिला सोनू म्हनायची," गजा म्हणाला. मधे थांबून त्यानं आणखी एक चमचा घेतला. "तुझ्या बापानं तांदळात अंबा लिवलं. हिला कुठं वाचता येत व्हतं? मीच वाचून दाखवलं. दुसरीत व्हतो."

"तिसरीत," अंबाबाई म्हणाली.

"दुसरीत. तिसरी मी केलीच नाय."

"म्हणजे," पोपट म्हणाला, आणि थांबला. वही त्याच्या हातात होती. त्यानं दहावं पान उघडलं, पाहिलं, मिटलं. "म्हणजे आई, तू मला म्हणालीस ते... ती मीच..."

"चार दिस म्हणत व्हते."

"मला वाटलं माया हाय."

"ती बी हाय," अंबाबाई म्हणाली. "माझ्यावर माझी माया नसंल का?"

पोपट ओट्यावर जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याला काही सांगायची गरज नव्हती, आणि खरं तर मलाच त्याच्यापुढे जरा ओशाळं वाटत होतं. आरोही पायरीवर बसून आपल्या कागदावर काही लिहीत होती. थोड्या वेळानं पोपटनं मोबाइल काढला आणि शिळफाट्याला फोन लावला.

"हॅलो. बडेकर बोलतोय. फ्लेक्सवरची एक बाई कमी करायचीय... नाय, चुकून मेली व्हती... अरं, तिला जिवंत करायचंय. हार काढ. कै. काढ... खालची? खालची बी तीच हाय. दोघींची एक कर." पलीकडून बरंच बोलणं झालं. "नाय, आता वर किती पिढ्या ते राहू दे. रायाजीरावाला सध्या थांबव."

फोन ठेवून तो वळला. "आरू, तुझा कागद दे गं जरा."

आरोहीनं कागद त्याला दिला, पण स्वतः शेजारी येऊन बसली आणि एक कोपरा धरून ठेवला. पोपट वाचत होता. त्यानं बोट ठेवून विचारलं, "हे गजामामाच्या शेजारी दोन चौकोन कुणाचे?"

"त्याला अजून दोन बहिणी व्हत्या. लहानपणीच गेल्या. आत्ता सांगितलं त्यांनी. नावं सांगतानाच झोप लागली."

"झोपलाय?"

"पेज सगळी खाल्ली, मग झोपले."

पोपट उठून आत गेला. मी दारातून पाहत होतो. गजा खरंच झोपला होता, त्याचा चांगला हात अंबाबाईच्या हातात होता. पाच वाजून गेले होते. पोपटनं घड्याळ पाहिलं, मग आईकडे पाहिलं. बोलताना त्याचा आवाज इतका खाली आला होता की मला तो ओळखू आला नाही.

"आई, निघायचं का?"

"तुमी निघा."

"आनि तू?"

अंबाबाईनं पाय खाटेवर घेतले आणि पाठ भिंतीला टेकली.

"अजून अंगातनं उतरली नाय रं ती," अंबाबाई म्हणाली. "आठ-धा दिवस तरी लागतील."